डोंगराची हजामत

आमच्या हापिसात दरवर्षी पावसाळा संपता संपता एक प्रश्न हमखास कानावर येतो. कुणीतरी कामशेत, पवनानगर नाहीतर लोणावळ्याच्या बाजूला दहा-पंधरा गुंठ्यांचा प्लॉट घेतलेला असतो. त्यावर टुमदार घर झालेलं असतं, कर्जाचे हप्ते चालू असतात, आणि सप्टेंबरअखेर घराभोवती कमरेएवढं गवत माजलेलं असतं. मग चहाच्या वेळी विषय निघतो, "अरे, राइड-ऑन मोअर कुठला घ्यावा? जागा जरा चढउताराची आहे. आणि बजेट फार नाहीये."

माझं उत्तर एका वाक्यात सांगतो. कुठलाच घेऊ नका.

दुसरं वाक्य जरा जास्त बोचेल. उतारावर लॉनच करू नका. खालचा सगळा लेख म्हणजे ह्या दोन वाक्यांचा खुलासा आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. :)

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. राइड-ऑन मोअर म्हणजे बसून चालवायचं, छोट्या ट्रॅक्टरसारखं दिसणारं, गवत कापायचं यंत्र. पोटाखाली पत्र्याची पसरट पेटी आणि तिच्यात गरागरा फिरणारी पाती. अमेरिकन सिनेमात रविवार सकाळ दाखवायची असली की घरातला बाप ह्याच्यावर बसून अंगणात फेऱ्या मारताना दिसतो, ते हेच. सपाट आणि मोठ्या जागेसाठी हे उत्तम यंत्र आहे. क्रिकेटचं मैदान, गोल्फ कोर्स, एखाद्या कारखान्याचं चार-पाच एकरांचं आवार, तिथे जरूर घ्या. माझं भांडण यंत्राशी नाहीच. ते मावळातल्या उतारावर चढवायच्या हौसेशी आहे.

आधी भूमिती. ह्या यंत्रांच्या मॅन्युअलमध्ये उताराची मर्यादा दिलेली असते. हे पान कुणी वाचत नाही. आपणच लिहिलेली डॉक्युमेंट्स कोण वाचतं, तर ही कोण वाचणार! बहुतेक राइड-ऑन मोअरसाठी ही मर्यादा १५ अंश असते, आणि जागच्या जागी गर्रकन वळणाऱ्या काही झीरो-टर्न यंत्रांसाठी त्याहूनही कमी, १० अंश. १५ अंश ऐकायला चिल्लर वाटतात. पण दहावीतला टॅन थीटा आठवा. १५ अंशांचा टॅन ०.२७ च्या आसपास येतो. म्हणजे आडव्या दहा फुटांत जमीन साधारण २ फूट ८ इंच खाली गेली की मर्यादा संपली. हे तपासायला इंजिनिअर लागत नाही. दहा फुटांची दोरी घ्या, एक टोक वरच्या बाजूला जमिनीला टेकवा, दुसरं टोक खालच्या बाजूला नेऊन दोरी ताणून समतल धरा (गवंड्याची पाण्याची नळी असेल तर उत्तम), आणि त्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. प्लॉटवर चार-पाच ठिकाणी हे करा. सरासरी काढू नका. यंत्र सरासरीवर उलटत नाही, ते सगळ्यात वाईट जागी उलटतं.

आणि ही मर्यादा कोरड्या गवताची आहे. ओल्या गवतावर उतारात चालवू नका, हेही त्याच मॅन्युअलमध्ये असतं. आता लोणावळ्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुण्यात वर्षभरात सातशेच्या आसपास. जुलैमध्ये लोणावळ्याला आठवडाभर कोरडं राहिलेलं गवत दाखवा, भुशी डॅमवरची भजी माझ्याकडून. म्हणजे ज्या महिन्यांत गवत वाढतं त्या महिन्यांत यंत्र चालवायचं नाही, आणि ज्या महिन्यांत यंत्र चालवता येतं त्या महिन्यांत गवत वाढत नाही. रिक्वायरमेंट आणि प्रॉडक्टची इतकी सुंदर फारकत मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

उलटणं म्हणजे काय तेही समजून घ्या. ढकलायचं मशीन उतारावर आडवं चालवतात, कारण उभं चालवलं आणि पाय घसरला तर ते अंगावर येतं. बसायचं मशीन उलट उभं, वरखाली चालवतात, कारण आडवं गेलं तर ते कुशीवर कलंडतं. पण वरखाली जायचं म्हणजे प्रत्येक फेरीच्या टोकाला वळावं लागतंच, आणि वळताना काही क्षण ते आडवं असतंच. नेमकं तेव्हा वरच्या बाजूचं चाक एखाद्या दगडावर चढतं, नाहीतर खालचं चाक उंदराच्या बिळात जातं. दीड-दोनशे किलोचं धूड तुमच्यासकट कलंडतं, आणि पाती फिरत असतात. अमेरिकेत हे यंत्र घरोघरी आहे. तिथे राइड-ऑन मोअरवर जे जीव जातात त्यात यंत्र उलटून माणूस खाली सापडणं हे एक मोठं कारण आहे. ट्रॅक्टरला डोक्यावर लोखंडी कमान आणि सीटबेल्ट देतात तो ह्याचसाठी. स्वस्तातल्या मोअरला तो नसतो.

"बजेट फार नाहीये" हे वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे. किंमत कमी करताना कंपनी काय कमी करते? रंग तर कमी करत नाही, तो लालभडकच असतो. कमी होते ती टायरची पकड, गिअरबॉक्सची ताकद, चौकटीचं वजन आणि ती लोखंडी कमान. चढावर चढताना स्वस्त मशीनचं हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन तापतं, आणि तापलं की ओढ कमी होते. म्हणजे उताराला ज्या ज्या गोष्टी लागतात, नेमक्या त्याच बजेटमध्ये गळतात. सपाट जागेसाठी स्वस्त मशीन म्हणजे तडजोड, उतारासाठी स्वस्त मशीन म्हणजे जुगार.

त्यात आपली जमीन. विलायती लॉनखाली हातभर काळीभोर माती असते. सह्याद्रीच्या उतारावर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा बसाल्ट. प्रत्येक पावसाळ्यात वरची माती धुपते आणि नवे दगड डोकं वर काढतात. जूनमध्ये वेचून साफ केलेली जागा ऑक्टोबरात पुन्हा दगडांनी भरलेली. पातं दगडावर आपटलं की एकतर पातं वाकतं, नाहीतर दगड गोळीसारखा उडतो. खिडकीची काच परवडली, मुलाचा डोळा नाही.

आता हिशोब, कारण आपल्या लोकांना एक्सेलशिवाय पटत नाही. पंधरा गुंठ्यांचा प्लॉट धरा. घर, पार्किंग, झाडं वजा जाता दहा गुंठे गवत. म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर. मशीन एका वेळी सुमारे एक मीटर रुंदीचा पट्टा कापतं. ताशी ४ किलोमीटर वेगाने गेलात तर एक किलोमीटर चालायला पंधरा मिनिटं. वळणं, झाडांभोवतीच्या गिरक्या धरून दुप्पट करा, अर्धा तास. वर्षातून सोळा वेळा कापलंत असं उदार मनाने धरलं, तर झाले आठ तास. वर्षात ८,७६० तास असतात. उरलेले ८,७५२ तास ते यंत्र शेडमध्ये बसून असतं. त्या शेडचा खर्च वेगळा.

बरं नवीन राइड-ऑन मशीन अडीच-तीन लाखांच्या आत मिळणं कठीण. तीन लाख धरा, आणि ते दहा वर्षं टिकेल असंही धरा (हे धरणंही उदारपणाचंच आहे). वर्षाला तीस हजार, भागिले आठ, म्हणजे तासाला पावणेचार हजार रुपये. ह्यात पेट्रोल नाही, सर्व्हिसिंग नाही, बिघडल्यावर टेम्पोत घालून पुण्याला न्यायचं भाडं नाही. घर सोमवार ते शुक्रवार बंद असतं, तेव्हा उंदीर बेल्ट आणि वायरी कुरतडतात, पावसाळ्यात सीटला बुरशी येते, टाकीतलं जुनं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट होतं. वर्षातून आठ तास चालणाऱ्या जॉबसाठी तीन लाखांचा सर्व्हर मागायला कुणी आलं, तर तुम्हीच त्याला रिव्ह्यू मीटिंगमध्ये सोलून काढाल. मग शनिवारी घाट चढल्यावर ही अक्कल कुठे जाते?

माझ्या मते ती एका चित्रात अडकते. घर म्हटलं की समोर हिरवंगार, एकसारखं, गालिच्यासारखं लॉन पाहिजेच. हे चित्र आलं कुठून ते बघा. गवत कापायचं पहिलं यंत्र १८३० साली इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या स्ट्राउडजवळ एडविन बडिंग नावाच्या माणसाने काढलं. तिथल्या गिरण्यांत लोकरी कापडावरची लव कापून ते गुळगुळीत करायचं यंत्र असे, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. त्याच्या आधी बड्या जमीनदारांच्या वाड्यांपुढचं गवत मेंढ्या चरत आणि माणसं कोयत्याने कापत. त्या देशात पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो. लंडनला वर्षाला सहाशे मिलिमीटर, पण वर्षभर विभागून. अशा हवेत छोटं गवत आपलं आपण हिरवं राहतं, आणि ते दर आठवड्याला थोडं थोडं कापणं हे तिथल्या निसर्गाशी जुळणारं काम आहे.

आपल्याकडे त्यांच्या सहापट-सातपट पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने आकाश कोरडं. त्यामुळे आपलं गवत वेगळ्या स्वभावाचं आहे. जूनमध्ये उगवतं, ऑगस्टपर्यंत गुडघ्याला लागतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात तुरे येतात, बी पडतं, आणि दिवाळीनंतर ते सोनेरी होऊन वाळतं. मारवेल, पवन्या, कुसळी ही मंडळी हजारो वर्षं हाच रिलीज सायकल पाळत आलीयेत. त्यांना दर रविवारी एक इंचावर कापायचं म्हणजे बाळसं धरणाऱ्या पोराचं जेवण दर आठवड्याला बंद करायचं. गवताचा एक साधा नियम आहे, पातं जेवढं वर राहील तेवढं मूळ खाली जातं. सतत तासलेल्या गवताची मुळं वरच्या वरच राहतात. सपाट जागी त्याने फारसं बिघडत नाही. उतारावर, चार हजार मिलिमीटरच्या माऱ्याखाली, माती धरून ठेवणारं दुसरं काय आहे तिथे?

गंमत म्हणजे नर्सरीत पैसे मोजून 'बर्म्युडा' नावाने आपण जे लॉन आणतो, ती आपली हरळीच. शेतात तिला निपटून काढता काढता शेतकऱ्याची कंबर मोडते, आणि गणपतीला तिच्याच एकवीस जुड्या वाहतात. तीच हरळी इंग्रजी नाव लावून आली की चौरस फुटाच्या भावाने विकली जाते. चालायचंच.

इथवरचं नुकसान तुमच्या खिशाचं आणि फार तर तुमच्या हाडांचं आहे, तो तुमचा प्रश्न असं कुणी म्हणू शकेल. पण गोष्ट इथे थांबत नाही. मशीन घेतलं आणि उतार जास्त निघाला, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "जेसीबी लावून जरा सपाट करून घेऊ." मला ह्या लेखात खरा राग ह्या वाक्याचा आहे. यंत्राला डोंगर झेपत नाही म्हणून डोंगर बदलायचा!

सपाट करणं म्हणजे काय, तर वरची बाजू कापायची आणि ती माती खालच्या बाजूला लोटायची. कापलेल्या बाजूला उभी भिंत तयार होते, जिच्या वरच्या मातीचा आधार आपण काढून घेतलेला असतो. लोटलेली माती भुसभुशीत, तिच्यात एकही मूळ नाही. पहिल्याच पावसाळ्यात ती खालच्या ओढ्यात, नाहीतर खालच्या शेतकऱ्याच्या भातखाचरात जाते. पाण्याच्या जुन्या वाटा बुजतात आणि पाणी नवी वाट काढतं. ती कुणाच्या घरातून जाईल ते आपण ठरवत नाही.

३० जुलै २०१४ ला आपल्याच पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, माळीण गावावर डोंगर आला आणि दीडशेच्या आसपास माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखाली खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. ही दोन्ही ठिकाणं लॉनमुळे गेली असं म्हणायचा वेडेपणा मी करणार नाही. इर्शाळवाडीच्या वर तर कुणाचा बंगलाही नव्हता. पण सततच्या पावसात भिजून जड झालेली माती खडकावरून कशी सुटते, हे सह्याद्रीने आपल्याला दोनदा डोळ्यांदेखत दाखवलंय. ज्या मुलखात डोंगर कुणी हात न लावताही सुटतो, तिथे केवळ एक मशीन नीट चालावं म्हणून उताराचा पाया कापायचा, ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. आणि मुरूम उपसायला गौण खनिजाची परवानगी लागते, ती "एवढ्याशा कामाला" कुणी काढत नाही, हेही आपल्याला माहीत आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. फेब्रुवारीनंतर लॉन हिरवं ठेवायचं तर रोज निदान ५ मिलिमीटर पाणी धरा. एका चौरस मीटरला ५ लिटर. दहा गुंठ्यांना रोज ५,००० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर दोन दिवसांत संपला. आणि हे कुठे, तर अशा तालुक्यात, जिथे पावसाळ्यात धबधबे आणि एप्रिल-मेमध्ये डोंगरावरच्या वाड्यांवर बायकांच्या डोक्यावर हंडे. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ ला मावळातले शेतकरी बऊरजवळ एक्सप्रेसवेवर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. त्या योजनेच्या बाजूने आणि विरुद्ध दोन्हीकडून बरंच बोलता येईल. पिंपरी-चिंचवडच्या लोकांनाही तहान लागतेच. पण पाणी ही ज्या मातीत जीव देण्या-घेण्याची गोष्ट झालीये, तिथे शनिवार-रविवारच्या हिरव्या रंगासाठी बोअरवेलमधून रोज पाच हजार लिटर उपसायचं आणि वर "गावातले लोक आपल्याशी नीट वागत नाहीत" असं म्हणायचं, हे मला जमत नाही.

आता आक्षेप. हे मला तोंडपाठ आहेत.

"गवत ठेवलं तर साप येतील." बरोबर आहे. मावळात नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आहेत, आणि ह्या बाबतीत धाडस दाखवू नये. म्हणून घराभोवती पंधरा-वीस फुटांचा पट्टा कायम आखूड ठेवा, तिथे दगडांचे ढीग, लाकडं, उष्टंखरकटं ठेवू नका. साप उंदरांमागे येतो, उंदीर खरकट्यामागे. पण हा पट्टा काही फार मोठा नसतो. त्याला बसायचं मशीन कशाला?

"वाळलं गवत म्हणजे वणवा." हेही बरोबर. फेब्रुवारी ते मे मावळातले डोंगर दरवर्षी पेटतात. म्हणूनच गवत वाळल्यावर, पण पेटायच्या आधी, एकदा कापायचं आणि तिथून हलवायचं. कुंपणाच्या आतून दहा-पंधरा फुटांची जाळरेषा साफ ठेवायची. वनखातं डोंगरावर हेच करतं.

"मुलांना खेळायला हिरवळ नको का?" हवी की. प्लॉटवर जो तुकडा मुळातच सपाट आहे तो ठेवा. बॅडमिंटनचं कोर्ट दीड गुंठ्यातही आरामात बसतं. डोंगरावर आणून मुलांना शहरातल्या बागेसारखं लॉनच दाखवायचं असेल तर टोल भरून यायची गरज काय?

"माणसं मिळत नाहीत." हा आक्षेप सगळ्यात जोरात येतो, म्हणून जरा स्पष्ट बोलतो. माणसं मिळत नाहीत, कारण आपण शुक्रवारी रात्री फोन करतो, उद्या सकाळी सातला या म्हणतो, आणि पैसे देताना घासाघीस करतो. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर मावळात भातकापणी असते. त्या दिवसांत आपला इंद्रायणी सोडून तुमचं गवत कापायला कोण येईल आणि का यावं? नोव्हेंबरच्या मध्यानंतरची तारीख आधी महिनाभर ठरवा, गावात जो रोज चालतो तो न कुरकुरता द्या, त्याच संध्याकाळी द्या. मग बघा माणसं मिळतात की नाही.

"म्हणजे दुसऱ्यांना उन्हात राबवायचं आणि आपण व्हरांड्यात बसायचं?" हा आक्षेप मला आवडतो. विळ्याने दिवसभर वाकून गवत कापणं हे पाठ मोडणारं काम आहे, त्याची कविता करण्यात अर्थ नाही. म्हणूनच मी यंत्राच्या विरुद्ध नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर योग्य यंत्रावर करा, आणि ते यंत्र आहे ब्रश कटर. खांद्याला अडकवायची दांडी, एका टोकाला छोटं इंजिन, दुसऱ्या टोकाला पातं किंवा नायलॉनची दोरी. चांगल्या कंपनीचा फोर-स्ट्रोक ब्रश कटर राइड-ऑनच्या किमतीच्या आठव्या-दहाव्या हिश्शात येतो, आणि माणूस जिथे पाय रोवून उभा राहू शकतो तिथे तो चालतो. दगडांमधून, झाडाच्या बुंध्याशी, बांधावर. सर्व्हिसिंगला न्यायचा तर गाडीच्या डिकीत मावतो. त्याच्याबरोबर तोंडावरची जाळी, जाड बूट, पायाला गार्ड आणि कानाला मफ हे घ्याच, आणि चालवणाऱ्याला ते घालायला लावा. चालू असताना पन्नास फुटांच्या आत कुणी फिरकायचं नाही, कुत्रंसुद्धा.

तर कृती अशी. पावसाळाभर उताराला हात लावू नका, फक्त घराभोवतीचा पट्टा आणि पायवाट आखूड ठेवा. जमीन जिथे धुपते तिथे जूनमध्ये समतल रेषेत वाळ्याचे ठोंब लावा. वाळ्याची मुळं तीन मीटरपर्यंत सरळ खाली जातात, कुठल्याही सिमेंटच्या भिंतीपेक्षा स्वस्त आणि मुकाट्याने काम करणारी. ऑगस्टमध्ये तेरडा येईल, सप्टेंबरमध्ये सोनकी. नशिबात असेल तर बांधाच्या कडेला कळलावी. ह्या फुलांचे फोटो काढायला आपण राजमाची आणि तिकोन्याला गर्दीत धडपडत जातो, आणि तीच आपल्या प्लॉटवर उगवायच्या आत कापून टाकतो! त्यांचं बी पडू द्या. नोव्हेंबरच्या मध्यानंतर ब्रश कटरने चार-पाच इंच ठेवून सगळं एकदा कापा. दहा गुंठ्यांचं काम दोन माणसं एका दिवसात आरामात उरकतात.

कापलेलं गवत जाळू नका. खाली वाडीत कुणाकडे गाय-म्हैस असतेच. त्यांना आधी सांगून ठेवा, ते येऊन पेंढ्या बांधून नेतील. उन्हाळ्यात त्या चाऱ्याला किंमत असते. जे तुमच्यासाठी माजलेलं रान आहे तो कुणाच्या तरी गोठ्यातला मार्च-एप्रिल आहे. आधी ह्या डोंगरांवर गुरं चरायची. एक्सप्रेसवे २००२ साली पूर्ण झाला, शहरातून घाटमाथा दीड-दोन तासांवर आला, आणि एकेका माळाला तारेचं कुंपण पडत गेलं. त्या कुंपणाच्या आतलं गवत आपण पेट्रोल जाळून कापतो, कचरा म्हणून पेटवतो, आणि कुंपणाबाहेरचा माणूस चारा विकत आणतो. कुंपण कायद्याने तुमचं आहे, ते काढा असं मी म्हणत नाही. वर्षातून एक दिवस फाटक उघडा, एवढंच म्हणतो.

एवढं करून उरलेल्या अडीच लाखांचं काय करायचं, हा तुमचा प्रश्न. कर्जाचे हप्ते आहेतच की.